निम्मे पैसे पायांसाठी: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची जॉयस्टिक, योक आणि रडर पेडल

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन घेतलं की पाठोपाठ जॉयस्टिक येते. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात असो की ऑनलाइन, ती बहुतेक वेळा बटणं मोजून निवडली जाते. पण बटणं कमी पडली तर कीबोर्ड असतोच. सेटिंगने किंवा सरावाने भरून न निघणाऱ्या गोष्टी दोन: स्टिक मध्याभोवती किती नेमकी हलते, आणि पायांना काही काम आहे की नाही. त्यामुळे एकूण रकमेतला निम्मा वाटा रडर पेडलसाठी (रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी झडप, ती पायांनी चालते) बाजूला ठेवूनच दुकानात जावं, असं आमचं ठाम मत आहे. निदान सेसनासारखं छोटं विमान उडवायचं असेल तर नक्कीच.

पेडल का, हे मुंबईच्या वाऱ्यावरच तपासता येतं. सिम्युलेटरमध्ये मुंबई विमानतळाची धावपट्टी २७ (तोंड साधारण २७० अंशांना, पश्चिमेला) घ्या, वारा २४० अंशांवरून २० नॉट ठेवा. कोन साधारण ३० अंशांचा, म्हणून आडवा वारा निम्मा, १० नॉट, डावीकडून. सेसना १७२ च्या पुस्तिकेत १५ नॉटपर्यंतचा आडवा वारा नोंदवलेला आहे, तेव्हा हे विमानाला जड नाही. उतरताना डावा पंख वाऱ्यात खाली धरायचा, म्हणजे स्टिक डावीकडे, आणि नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवायला उजवा रडर. स्टिक पिळून रडर चालवायचा असेल तर एकाच मनगटाने डावीकडे झुकायचं, उजवीकडे पिळायचं आणि फ्लेअरसाठी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायला, हळूहळू मागेही ओढायचं. पिळताना झुकलेली स्टिक थोडी सरळ होतेच. पंख वर येतो, विमान वाऱ्याबरोबर उजवीकडे सरकतं आणि चाकं तिरकी टेकतात. लोक याला सरावाची कमतरता समजतात. खरं कारण असं की तीन कामं एकाच सांध्यावर लादलेली असतात.

उड्डाण घेतानाही तेच. पूर्ण पॉवर दिली की १७२ चं नाक डावीकडे ओढतं. उजवा रडर लागतो, वेग वाढेल तसा तो थोडा थोडा सोडावा लागतो. जुहूची मोठी धावपट्टी सुमारे ११४० मीटरची आणि अरुंद आहे. पायांनी हे चार-पाच फेऱ्यांत जमू लागतं, मनगटाने सहसा विमान नागमोडी धावतं.

आता स्टिककडे. स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो. तिच्यात पोटेन्शिओमीटर आहेत, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा संपर्क. पुढे-मागे आणि डावी-उजवी हालचाल १०२४ पायऱ्यांत मोजली जाते, ट्विस्ट, म्हणजे स्टिक पिळण्याची हालचाल, फक्त २५६ पायऱ्यांत. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात रडर मध्याच्या आसपासच खेळतो, तिथे वापरात येणाऱ्या पायऱ्या मोजक्याच उरतात. पट्टीवर धूळ बसली की किंवा ती झिजली की अक्ष (हालचालीची ती दिशा) उगाच थरथरतो. हात न लावता विमान झटका देतं. छंद टिकेल का हे पाहण्यापुरती ही स्टिक ठीक आहे. तिच्याशी महागडी पेडल जोडली तर पेडल वाया जात नाहीत, पुढे स्टिक बदलता येते. उलट क्रमाने घेऊ नये.

थ्रस्टमास्टर टी.१६०००एम मध्ये मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आहेत. चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे झीज नाही आणि प्रत्येक अक्षावर १६,३८४ पायऱ्या मिळतात. या किमतीच्या पातळीवर इतकं नेमकं केंद्र दुसरीकडे क्वचितच सापडतं. डावखुऱ्यांसाठी तळव्याचे भाग बदलता येतात, हीही चांगली सोय. पण दोन गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या नसतात. ट्विस्टला मात्र पोटेन्शिओमीटरच आहे आणि बिघडतं ते तेच. आणि स्टिकचा खालचा प्लास्टिकचा गोल भाग ज्या वाटीत फिरतो तिथलं ग्रीस वाळलं की मध्याजवळ स्टिक चिकटते: थोडा जोर लावला तर हलत नाही, आणखी लावला तर गरजेपेक्षा जास्त सरकते. हवेत इंधन भरताना किंवा फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरताना, हे फार जाणवतं. उपाय ग्रीस बदलण्याचा. जुनं पूर्ण पुसून प्लास्टिकला चालणारं डॅम्पिंग ग्रीस अगदी पातळ थरात लावायचं. सिमवाले यासाठी नायोजेल ७६७ए वापरतात. गाडीचं ग्रीस लावू नये, काही प्लास्टिकं त्याने खराब होतात.

हिच्याच जोडीला येणारा टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) रेलवर सरकतो आणि तोही त्याच कारणाने अडखळतो, औषध तेच. त्याच्या पुढच्या बाजूला बोटांनी दाबायची आडवी पट्टी आहे. रडर तिच्यावर दिला तर तो उजव्या मनगटावरून डाव्या हाताच्या बोटांवर येतो. पेडलसाठी पैसे जमेपर्यंत ट्विस्टपेक्षा ही सोय पुष्कळ बरी.

ज्यांना एकदाच चांगली स्टिक घेऊन विषय संपवायचा आहे त्यांनी व्हीकेबी ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओ पाहावी. सेन्सर न घासणारे, ट्विस्टलाही तेच, ट्विस्ट बंद करण्याची सोय, स्प्रिंग बदलता येतात आणि क्लच घट्ट-सैल करून स्टिकचा जडपणा ठरवता येतो. मध्याजवळची हालचाल टी.१६०००एम पेक्षा कितीतरी मऊ आहे. अडचण मिळण्याची आहे, त्याकडे खाली येऊ.

योक (स्टीअरिंगसारखं फिरणारं, पुढे-मागे सरकणारं हँडल) घ्यायचा की स्टिक, हे विमानावर ठरतं, आवडीवर नाही. एअरबस ए३२० ची खरी साइडस्टिकही स्प्रिंगनेच मध्याला येते आणि हवेचा जोर हाताला सांगत नाही. म्हणून टेबलावरची साधी स्टिक ए३२० च्या खऱ्या अनुभवाच्या फार जवळ जाते. थ्रस्टमास्टरची टीसीए साइडस्टिक टी.१६०००एम च्याच पोटातून आलेली आहे, वर एअरबसचं रूप आणि ताबा आपल्याकडे घेण्याचं लाल टेकओव्हर बटण. हवेत वळताना रडरचं काम विमान स्वतः सांभाळतं. धावपट्टीवरची धाव, आडव्या वाऱ्यातलं उतरणं आणि इंजिन बंद पडणं एवढ्यातच पाय लागतात. फक्त ए३२० उडवणाऱ्याने पेडल वर्षभर पुढे ढकलली तरी चालेल.

सेसना आणि बोइंग ७३७ ला मात्र योक. लॉजिटेकचा योक एकूण ९० अंश फिरतो, हनीकोम्ब अल्फा १८०. हा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे: कमी फिरणाऱ्या योकवर थोडंसं वळवलं तरी पंख जास्त कलतो. लॉजिटेकच्या योकला मध्याला खाचही जाणवते. तिथून बाहेर पडताना हाताला ठेच लागते आणि फायनलवरची बारीक दुरुस्ती नेमकी त्या खाचेतच अडकते. हनीकोम्बमध्ये हॉल सेन्सर आहेत, इंजिन सुरू करायचा चावीचा मॅग्नेटो स्विच आणि दिव्यांचे, मास्टरचे स्विच खालच्या पट्टीवर आहेत, त्यामुळे १७२ ची चेकलिस्ट माउसला हात न लावता बरीचशी होते. दोन्हींतून निवडायचं तर फरकाचे पैसे साठवून हनीकोम्ब घ्यावा.

स्प्रिंगच्या योकवर ट्रिम, म्हणजे नाक हवं त्या कोनावर टिकवणारी जुळवणी, नीट समजून घ्यावा लागतो. खऱ्या सेसनात ट्रिम लावल्यावर हातावरचा जोर आपोआप उतरतो. घरच्या योकची स्प्रिंग मात्र कायम मध्याकडेच खेचते. म्हणून आधी नाक हवं तिथे योकने धरायचं, मग ट्रिम चाक थोडं थोडं फिरवत हात तितकाच सैल करायचा, योक मध्याला येईपर्यंत. हात आधी सोडला तर नाक वरखाली झोके खातं आणि दोष विमानाला दिला जातो. मोटरने हाताला जोर देऊन मध्यच जागेवरून सरकवणारे फोर्स फीडबॅकचे बेस, उदाहरणार्थ मोझा एबी९, ही अडचण मुळातून सोडवतात, पण ते वजनाला आणि किमतीला वेगळ्याच वर्गातले.

पेडलमध्ये थ्रस्टमास्टर टीएफआरपी सर्वांत आवाक्यातली. टो ब्रेक (चवड्याने दाबायचे चाकांचे ब्रेक) आहेत, रेलवर सरकतात, आणि टीडब्ल्यूसीएस थ्रॉटलमध्ये टेलिफोनसारख्या पिनने थेट लागतात. तशी लावली की गेममध्ये वेगळं उपकरण दिसत नाही, थ्रॉटलचेच जादा अक्ष दिसतात. पेडल सापडत नाहीत म्हणून घाबरू नये. उणीव रुंदीची. दोन पावलं फार जवळ येतात, उंच माणसाचे गुडघे बाहेर फाकतात आणि तासाभरात मांड्या भरून येतात. लॉजिटेकची प्रो पेडल रुंद, जड आणि पावलाच्या मापाने जुळवता येणारी. मधल्या चाकाने जडपणा बदलतो. सेन्सर इथेही पोटेन्शिओमीटरच. पाच फूट सहा इंचांपेक्षा उंच असाल तर आम्ही सरळ यांच्याकडे बोट दाखवू. व्हीकेबीची टी-रडर पेडल लहान जागेत बसतात, हालचाल फार सफाईदार, पण टो ब्रेक नाहीत; १७२ जमिनीवर वळवताना एका बाजूचा ब्रेक लागतो, तेव्हा हात बांधल्यासारखे होतात. लढाऊ विमानं किंवा हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांना ती शोभतात. जुहूहून बॉम्बे हायकडे हेलिकॉप्टर नेण्याची हौस असेल तर पेडलचा जडपणा सर्वांत कमी ठेवा, कारण हेलिकॉप्टरची पेडल मध्याला परत येण्यासाठी नसतात, जिथे ठेवली तिथे राहण्यासाठी असतात.

आता मुंबईच्या घरातली खरी अडचण: गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्या आणि चाकांची खुर्ची. पूर्ण रडर दाबला की पेडल पुढे जातात आणि खुर्ची मागे. रबरी चटईने पेडल थांबतात, खुर्ची नाही. टिकाऊ उपाय म्हणजे १८ मिलिमीटर प्लायवूडची सुमारे चार फूट लांब आणि दीड ते दोन फूट रुंद फळी. पुढच्या टोकाला दोन इंच उंचीची लाकडी पट्टी स्क्रूने बसवा, पेडल तिला टेकतील. मागच्या भागात खुर्चीची पुढची चाकं अडतील अशी दुसरी पट्टी. आपण दाबतो तो जोर फळीतच जिरतो आणि काहीच सरकत नाही. फळी न वापरता चार पायांची जेवणाची खुर्ची भिंतीला टेकवली तरी काम भागतं. अंतर असं ठेवा की एक पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. घरात आपण अनवाणी असतो. घामाने तळवा पेडलला चिकटतो आणि टाच उचलली जाते. पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट घरासाठी वेगळे ठेवावेत.

योकचा क्लॅम्प भिंतीला लावलेल्या घडीच्या टेबलावर बसवू नका. ओढताना बिजागऱ्या हलतात. पार्टिकल बोर्डच्या टेबलावर कडा फुटते, म्हणून क्लॅम्पखाली प्लायवूडचा सपाट तुकडा घाला. सरकता कीबोर्ड ट्रे असेल तर आधी माप घ्या.

जोडल्यावर तीन गोष्टी लगेच करायच्या. पेडल लावली तरी स्टिकच्या ट्विस्टवर रडर राहिलेला असतो, दोघांत भांडण होऊन रडर फडफडतो. ट्विस्टवरचा आदेश पुसून टाका. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये टो ब्रेक पुष्कळदा उलटे येतात, पाय न लावता ब्रेक लागलेले आणि पॉवर देऊनही विमान हलत नाही. दोन्ही अक्ष उलटे करा. रडर दाबताना चवड्याचा भार ब्रेकवर जातो, म्हणून ब्रेकच्या सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपास डेडझोन (हालचाल मोजली न जाणारा पट्टा) द्या. स्टिकच्या मध्याला मात्र डेडझोन शक्यतो शून्य. गरज पडलीच तर दोन-तीन टक्के. त्याहून जास्त लागत असेल तर सेन्सर किंवा ग्रीस तपासा. वायर मदरबोर्डच्या मागच्या यूएसबीत लावा आणि विंडोजची यूएसबी वीजबचत बंद करा, नाहीतर लांबच्या उड्डाणात स्टिक झोपी जाते.

पावसाळ्यात दमट, खारट हवेने संपर्क गंजतात. वापर झाल्यावर सुती कापड टाका. प्लास्टिकची पिशवी ओल कोंडते. पोटेन्शिओमीटर थरथरला तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून अक्ष पंधरा-वीस वेळा पूर्ण फिरवा. साधं डब्ल्यूडी-४० नको, त्याचा तेलकट थर धूळ धरतो.

खरेदीला जाताना लॅपटॉप न्या. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत स्टिक चारही दिशांनी पूर्ण ढकलून हळूच सोडा. खूण दरवेळी त्याच जागी परतली पाहिजे. मग ट्विस्ट आणि प्रत्येक टो ब्रेक अगदी सावकाश दाबून पाहा. खूण उडी मारत असेल तर तो नग नाही म्हणा. वापरलेल्या मालाला हीच परीक्षा, फक्त दुप्पट वेळ. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातल्या वितरकाची आहे की दुकानाची, ते त्याच बिलावर लिहून मागा. व्हीकेबीसारखा माल परदेशातून मागवला तर सीमाशुल्क, कर आणि कुरिअरचा हाताळणी खर्च किमतीवर चढतो. हिशेब वस्तूच्या नाही, वस्तू अधिक वाहतुकीच्या रकमेवर करा. परत पाठवणं जवळपास अशक्य असल्याने सुटे स्प्रिंग त्याच ऑर्डरमध्ये घालून ठेवा.