विश्रामबागेतली खेळण्यांची लायब्ररी: काय न्यावं, काय तिथंच ठेवावं

पाटी लावलेली नाही. सांगलीच्या विश्रामबागेत येऊन ‘बाईंची खेळण्यांची लायब्ररी’ म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं. बाई बालवाडीतून निवृत्त झाल्यात, घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी खेळण्यांना दिल्यात. अनामत १००० रुपये, महिन्याला २००, एका वेळी दोन वस्तू. नोंद वहीत होते, पावती मागितली तर मिळते. चपला बाहेर काढायच्या, आणि पोराच्या हातात मोबाईल असेल तर तोही बाहेरच.

मी नातीला घेऊन जातो. मनू आता सव्वातीनची आहे, जायला लागलो तेव्हा अडीचची होती. मी स्वतः भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, म्हणून ही जागा मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो. मोजणीला गेलं की शेतकरी गटाच्या नकाशावर वाकून विचारायचा, “साहेब, यात माझा आंबा कुठाय?” नकाशा त्याच्या तोंडासमोरच्या रानासारखा फिरवून धरला की त्याला सगळं कळायचं. उलटा धरला की तोच मालक स्वतःच्या रानात हरवायचा. कागदावरची रेघ आणि पायाखालचा बांध यांची सांगड मोठ्या माणसालाही आपोआप जमत नाही. लहान पोरांना ती कधी आणि कशी जमते, हे मला इथं बघायला मिळालं.

इथली सगळ्यात चांगली वस्तू घरी मिळत नाही. बाईंनी त्यांच्याच बैठकीच्या खोलीची छोटी प्रतिकृती सुताराकडून करून घेतलीय. पलंग, कोपऱ्यातली तिवई, खिडकीखालची पेटी सगळं जागच्या जागी, पडदासुद्धा त्याच कापडाचा. ती काचेच्या कपाटात असते. बाई पोराच्या देखत बोटभर माकड छोट्या पेटीमागे लपवतात आणि म्हणतात, “मोठं माकड मोठ्या खोलीत तिथंच लपलंय. जा, शोध.” मनू आधी पडद्याकडे धावली, मग पलंगाखाली शिरली, मग माझ्या खिशात बघायला लागली. परत कपाटापाशी आणून “छोटं माकड कुठाय?” विचारलं, तर बोट बरोबर पेटीमागे. म्हणजे लक्षात होतं. पण छोटी खोली मोठ्या खोलीबद्दल काही सांगतेय, हे तिच्या गावीही नव्हतं.

हा प्रयोग बाईंचा नाही. कपाटाच्या दाराला आतून त्यांनी त्याची माहिती चिकटवून ठेवलीय. ज्यूडी डिलोच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या मुलांना चारांतल्या तीनहून जास्त वेळा खेळणं पहिल्याच झटक्यात सापडलं. अडीच वर्षांच्यांना पाचांत एकदाही धड जमलं नाही. मध्ये अंतर फक्त सहा महिन्यांचं. डिलोच यांचं म्हणणं असं, की त्या छोट्या खोलीकडे एकाच वेळी दोन प्रकारे बघावं लागतं. ती स्वतः एक वस्तू आहे आणि ती दुसऱ्या खोलीची खूणही आहे. लहान पोर वस्तूतच इतकं रमतं की खूण त्याला दिसत नाही.

म्हणून ती काच. प्रतिकृती काचेमागे ठेवली तेव्हा अडीच वर्षांच्या मुलांना जास्त जमलं, आणि तीन वर्षांच्यांना आधी तिच्याशी खेळू दिलं तेव्हा त्यांचं बिघडलं. ‘एवढं छान घर, आणि हात लावू देत नाहीत,’ अशी तक्रार करणाऱ्या आयांनी तो कागद वाचावा.

१९९७ चा पुढचा प्रयोग तर फारच मजेशीर. मुलांना सांगितलं, हे यंत्र मोठी खोली आकसवून छोटी करतं. अडीच वर्षांच्या मुलांना ते पटलं, आणि खेळणं सापडायला लागलं! कारण आता ही खोली त्या खोलीची खूण उरलीच नाही, तीच खोली झाली. आमच्या खात्याला असं एखादं यंत्र मिळालं असतं तर निम्मे हद्दीचे दावे मिटले असते.

मनूनं तिसरं ओलांडल्यावर एके दिवशी माकड सरळ पेटीमागून काढून आणलं. मी टाळ्या वाजवल्या. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

घरी न्यायचं तर पितळी भातुकली न्या. चूल, तवा, परात, जातं, पोळपाट आहे. लाटणं नाही. हरवलं असं बाई म्हणतात, पण मुद्दाम काढून ठेवलं असावं असा माझा संशय आहे. मनूनं आधी चमचा घेऊन बघितला आणि टाकून दिला. मग माझी पेन्सिल उचलली, कारण ती फिरते. व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं हेच लिहून ठेवलंय: पोराला कुठलीही काठी घोडा म्हणून चालते, पण पोस्टकार्ड चालत नाही. खूण कशीही असली तरी तिनं हाताला ते काम करू दिलं पाहिजे. म्हणून प्लॅस्टिकचा किचन सेट मी दोनदा परत ठेवला. त्यात प्रत्येक गोष्ट आधीच काहीतरी आहे, पोराला ठरवायला काही उरत नाही.

शेजारचा पोरगा अजून दोनचा व्हायचाय. तो भातुकलीतल्या काडेपेटीएवढ्या पाटावर बसायला गेला आणि बसता येईना म्हणून रडला. घाबरू नका. दीड ते अडीच वर्षांची मुलं असं करतात, खेळण्यातल्या मोटारीत पाय घालायला बघतात. यावरही डिलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास आहे. मात्र तोंडात जाईल असा एकही नग या वयाच्या पोराजवळ ठेवू नका. बाई देताना सांगतात, पण ऐकतं कोण.

पुस्तकांचं कपाट मिश्र आहे. साधी, सपाट, एका पानावर एक चित्र असलेली पुस्तकं उत्तम. दुसऱ्या बाजूला पट्टी ओढली की वाघ उडी मारतो, झडप उघडली की ससा दिसतो, अशी महागडी पुस्तकं. पोरं आधी त्यांच्यावरच तुटून पडतात, आणि पट्टी ओढण्यातच वेळ जातो. अडीच ते तीन वर्षांच्या मुलांना अशा पुस्तकांपेक्षा साध्या पुस्तकातून अक्षरं जास्त लक्षात राहिली, असं अभ्यासात दिसलंय. तेच कारण, वस्तूनं खूण झाकली.

अक्षरतक्ते मात्र मला कधीच पटले नाहीत. मनू ‘अ’वर बोट ठेवून “अननस” म्हणते. तिच्या लेखी ती शेजारी शेजारी दोन चित्रं आहेत, आणि दोन्हींचं नाव अननस. ‘ई’जवळचं ईडलिंबू तर मीसुद्धा अलीकडे सांगलीच्या मंडईत पाहिलेलं नाही. त्यापेक्षा बाई पोराच्या नावाची चिठ्ठी करून त्याच्या पिशवीला बांधतात ते बरं. ‘म’ दिसला की मनू आता म्हणते, “माझा.” मंगळसूत्राच्या दुकानाच्या पाटीवरही तिचा हक्क आहे.

बटण दाबलं की बोलणारा तक्ता आहे. लोक मागतात म्हणून ठेवलाय असं बाईच सांगतात. नेऊ नका.

चिंचोक्यांची पिशवी फुकट मिळते, ती जरूर न्या. मनू एक ते दहा गाण्यासारखं घडाघडा म्हणते, पण “तीन दे” म्हटलं की मूठभर ओतते. दोन मात्र बरोबर देते. या वयात बहुतेकांचं असंच असतं, पाढे पाठ करून घ्यायची घाई नको.

आता तक्रारी. वेळ फक्त संध्याकाळी ५ ते ७, त्यात बाई बोलायला लागल्या की अर्धा तास गेला. पायऱ्या उंच आहेत, आजी-आजोबांनी कठडा धरून चढावं. उशीर झाला तर दंड घेतात, आणि तो घेताना ओळख दाखवत नाहीत. चौथ्या वर्षापुढच्या मुलांसाठी जवळजवळ काहीच नाही. मी सुचवलं, एखादा नकाशा ठेवा, पोरं शोधत फिरतील. त्या म्हणाल्या, “मग तुम्हीच आखा की.”

आखायला घेतलाय. कॉलनीचे रस्ते, पाण्याची टाकी, गिरणी, बाईंचं घर. माझं म्हणणं उत्तर वर ठेवायची. बाई म्हणतात, पोर दारातून बाहेर पडल्यावर त्याला जे समोर दिसतं ते वर पाहिजे. दोन आठवडे कागद तसाच पडलाय.