केळीच्या सालीचा फिल्टर: निकेलला चालतो, क्रोमला नाही

जळगाव एमआयडीसीत माझं प्लेटिंगचं, म्हणजे वस्तूंवर निकेल-क्रोमचा थर चढवायचं, छोटं युनिट आहे. निकेलच्या बाथमधून, म्हणजे द्रावणाच्या टाकीतून, जॉब (थर चढवलेली वस्तू) काढला की रिन्सच्या टाक्यांत धुवायचा. पहिल्या टाकीचं पाणी हिरवट दिसतं. दुसरीचं डोळ्यांना स्वच्छ वाटतं, पण निकेल त्यातही असतंच. बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि मागच्याच बाजूला लोकांची वावरं, विहिरी आहेत. त्या विहिरींचं पाणी माणसं पितात, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात हा फिल्टर बसवला. सावदा-यावलकडे वेफर्सवाल्यांच्या दारात कच्च्या केळीच्या सालीचे ढीग पडतात. तीच साल वाळवून, दळून, रव्याएवढी चाळून दोन उभ्या नळकांड्यांत भरलेली असते. सालीतल्या पेक्टिनवर कार्बोक्सिल गट असतात, ते धन भाराचा धातू धरून ठेवतात. ब्राझीलच्या संशोधकांनी 2011 साली नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं असंच सालीने काढलं होतं. धातू धरणाऱ्या जिवाणूंसारखं सालीला जगवावं लागत नाही, हे मला फार आवडलं.

निकेलचं काम चोख. दुसऱ्या टाकीचं पाणी पीएच (आम्लतेचं माप) 5 ते 6 च्या मध्ये ठेवून हळू सोडलं. लॅबच्या रिपोर्टात निकेल आत जाताना लिटरला 18 मिलिग्रॅम होतं, बाहेर 2 च्या खाली आलं. घाईत नळ मोठा सोडला त्या दिवशी मात्र आकडा चढला. आमचं बोअरचं पाणी जड आहे. त्यातला कॅल्शियमही सालीवर जागा अडवतो, त्यामुळे साल लवकर भरते. मऊ पाणी असेल तिथे ती जास्त टिकेल.

पहिले दोन दिवस पाणी चहासारखं तांबूस आलं. साल नीट धुतलेली नव्हती. पोळ्याला युनिट बंद ठेवलं तर ओल्या सालीवर पांढरी बुरशी आली, वास सुटला. सुट्टी असेल तर नळकांडं पूर्ण निथळून ठेवा.

खरी तक्रार क्रोमची. फिल्टर विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, ‘सगळे धातू निघतात.’ प्लेटिंगमधलं हेक्झाव्हॅलंट क्रोम (क्रोमचं विषारी रूप) पाण्यात क्रोमेट म्हणून, ऋण भाराने असतं. निकेलच्या पीएचला साल त्याला धरत नाही. पीएच 2 च्या आसपास आणला तरच काही होतं. माझं पिवळं पाणी जसं गेलं तसंच पिवळं बाहेर आलं. क्रोमसाठी मी पुन्हा जुन्या पद्धतीवर, म्हणजे मेटाबायसल्फाइट हे रसायन आणि चुन्यावरच आलोय.

आणि भरलेल्या सालीचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलंच नाही. बाहेर गोणी पाहून शेजारचे आबा म्हणाले, “भाऊ, हाई माले दी दे, वावरमा टाकाले.” मी हात जोडले. दिसायला ते खत, पण आत सगळं निकेल. सौम्य आम्लाने धुऊन साल पुन्हा वापरता येते, पण निकेल त्या आम्लात उतरतं, नाहीसं होत नाही. वापरून संपलेली साल स्लजसोबत (धातूच्या गाळासोबत) घातक कचऱ्यातच जायला हवी. विकणाऱ्याने हे गोणीवर मोठ्या अक्षरात छापावं.

निकेलसाठी दुसरी खेप मागवली आहे, या वेळी साल धुतलेलीच हवी असं सांगून.