नाताळचं जेवण यंदा कुठे: घरचं मटण, मळ्यातलं भरीत की अंगणातली वरण-बट्टी?

नोव्हेंबर सरला की आमच्या घरच्या ग्रुपवर पुण्याच्या दादाचा मेसेज येतो, "यंदा काय बेत?" मग पंधरा दिवस नुसता धुरळा. सुरतची आत्या म्हणते, मटण नाही तर नाताळ कसला. धाकटे काका म्हणतात, मळ्यात भरीत लावू. आई काहीच म्हणत नाही, कारण करायचं तिलाच असतं. गेल्या चार वर्षांत हे सगळे बेत आम्ही एकेकदा करून पाहिले. आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातलं, जेवायला घरचेच पंचवीस आणि शेजारी-मंडळी धरली तर चाळीस. एवढाच पसारा तुमचाही असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

आधी कॅलेंडर बघा, कारण 2026 चा नाताळ शुक्रवारी आलाय. शनिवार-रविवार जोडून सुटी, म्हणजे बाहेरगावचे यायला कारणं सांगणार नाहीत. पण दत्तजयंती 23 तारखेला आहे आणि सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांचा बाजार त्याच दिवसांत. दोंडाईच्याहून शहाद्याला येणारा रस्ता सारंगखेड्यावरूनच जातो. 2023 मध्ये दत्तजयंती 26 डिसेंबरला होती, तेव्हा दादा तापीच्या पुलाअलीकडे इतका अडकला की घरी पोचेपर्यंत रस्सा दोनदा गरम करावा लागला. सुरतेकडून रेल्वेने येणाऱ्यांनी नंदुरबारला उतरून प्रकाशामार्गे यावं. धुळ्याकडून येणाऱ्यांनी सकाळी लवकर पूल ओलांडावा. आणखी एक, 24 तारीख मार्गशीर्षातला गुरुवार आहे. शेजारणींचे उपास असतात, तेव्हा फराळाची ताटं शुक्रवारी वाटा.

आता घरचं मटण. चवीत याला तोड नाही, हे आत्याचं म्हणणं मला मान्य आहे. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजायचं, खडा मसाला वेगळा, सगळं पाट्यावर नाहीतर मिक्सरवर बारीक वाटायचं. वर तर्री अशी हवी की भाकरीचा तुकडा बुडवला की बोटं लाल व्हावीत. पंचवीस जणांना सहा किलो मटण पुरतं. गोडाला खापरावरचे मांडे. मांडा करणं म्हणजे मात्र खेळ नाही. भिजवलेलं पीठ तास-तास तिंबायचं, पुरण भरून गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. आमच्या घरात हे आता फक्त आजीला जमतं, आणि आजीच्या मनगटात पूर्वीची ताकद राहिलेली नाही. सातच मांडे करा आणि सगळ्यांना चतकोर-चतकोर द्या, कोणी रुसत नाही.

पण मटणाच्या वर्षी काय झालं ते सांगते. उपासना दहाची. साडेनऊला सगळे नवे कपडे घालून निघाले आणि आई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. चर्च आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. लाऊडस्पीकरवरून गाणी घरात ऐकू येतात. आईने ती चुलीपुढेच ऐकली. शेवटच्या आशीर्वादाला ती मागच्या दाराने आली आणि शेवटच्या बाकावर टेकली. मी वळून पाहिलं तर केसांवर राख आणि पदराला जळक्या खोबऱ्याचा वास. जेवायलाही ती शेवटच्या पंगतीला बसली, तेव्हा पातेल्यात नळ्या आणि रस्सा उरला होता. तेव्हापासून कोणताही बेत निघाला की मी आधी एकच विचारते, उपासनेच्या वेळी घरी कोण राहणार?

मळ्यातल्या भरताला या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे, कारण तिथे सगळी कामं उपासनेनंतर सुरू होतात आणि पुरुषही हाताला येतात. चुलीला हात न लावणारे काका वांगी भाजायला मात्र पुढे. डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचा ऐन हंगाम. हिरवी, पांढुरक्या रेषांची, मोठाली वांगी. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आमच्या बाजारातही यावल-भुसावळकडचा माल येतो. बामणोदची म्हणून दोन पैसे जास्त मागतात, द्यावेत. वाळलेल्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या काड्यांवर, वांगी भाजायची, सालं काढून लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची आणि लसूण भाजून त्यातच. मग तेलाची सढळ फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. पंचवीस जणांना नऊ-दहा किलो वांगी घ्या, भाजून-सोलून बरीच आटतात. चंपाषष्ठी होऊन गेलेली असते, म्हणून चातुर्मासात वांगं न शिवणारे शेजारीही येतात.

खर्च मटणाच्या मानाने किरकोळ, आणि पोरं बांधाबांधावर हुंदडतात ते वेगळंच. तोटे मात्र जमवायच्या आधी ऐका. आमच्या वर्षी पऱ्हाट्या रात्रभर दवात पडून राहिल्या होत्या. नुसता धूर. दीड वाजता जेवायचं ते साडेतीन झाले, आणि निम्मी वांगी आतून कच्ची निघाली. आदल्या दिवशी पऱ्हाट्या झाकून ठेवायला सांगा. आजीला मांडी घालून बसता येत नाही, तिच्यासाठी खुर्ची ट्रॅक्टरमध्ये टाका. बायकांच्या आडोशाची सोय नसेल तर हा बेत मनातून काढूनच टाका. आणि सूर्य कलायच्या आत आवरा. आमच्याकडे डिसेंबरात रात्री पारा कधी दहाच्याही खाली जातो, शेकोटी कितीही मोठी केली तरी पाठ गारठतेच.

वरण-बट्टीचं नाव काढलं की आत्या नाक मुरडते, "ते भंडाऱ्याचं जेवण." खरंय, भंडाऱ्याचंच आहे, आणि म्हणूनच ते चाळीस माणसांना बेतलेलं आहे. गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, हळद, तेलाचं मोहन, घट्ट मळून उंडे करायचे. ते उकडायचे, कापायचे आणि तळायचे. उकडण्यापर्यंतचं काम आदल्या दिवशी दुपारी उरकतं, सकाळी फक्त तळण. वरणाला नवापूरची तूरडाळ मिळाली तर दुसरी बघू नका, तिलाही मानांकन आहे. शिजून अशी एकजीव होते की वरून फक्त तूप लागतं. सोबत घोटलेली वांग्याची भाजी. चाळीस जणांना सात-आठ किलो पीठ आणि साडेतीन-चार किलो डाळ. एक आचारी आणि त्याचा एक पोरगा लावला की घरचे सगळे उपासनेला मोकळे. मार्गशीर्ष पाळणारे शेजारी, कीर्तनाला जाणारे तात्या, पाळकसाहेब, सगळे एकाच पंगतीत बसले, हे मला या एका वर्षी दिसलं. पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन मिशनरी आले, त्याला शंभरावर वर्षं झाली. त्यांच्या ताटातलं आमच्या घरात काही उतरलं नाही, बट्टी मात्र टिकली.

उणीव एवढीच की बट्टी जड. जेवून उठलेला माणूस सरळ गोधडी शोधतो, आणि संध्याकाळच्या गाण्यांना आवाज फुटत नाही. लहान पोरंही दोन तुकड्यांच्या पुढे जात नाहीत, त्यांना केक हवा असतो.

हॉटेलचं थोडक्यात. आम्ही पंचवीस जण तीन टेबलांवर विखुरलो, आजीला मेन्यूतलं काही कळेना, बिल आल्यावर दादा आणि काकांत ओढाताण झाली. सहा-सात जणांचं कुटुंब असेल आणि घरी कोणी आजारी असेल तर जरूर जा.

केकचा आणि फराळाचा या वादाशी संबंध नाही, ते कुठल्याही बेतात होतंच. करंज्या, चकल्या, शंकरपाळे आधीच्या आठवड्यात. दोन-तीन घरांनी मिळून बसलं तर एका दुपारीत डबे भरतात. केकचं मिश्रण घरी करून डबे गावातल्या बेकरीच्या भट्टीत द्यावेत, नानकटाईला देतो तसे. फक्त डब्याच्या बुडाला नाव लिहून चिकटवा. एकदा आमचा मनुक्यांचा केक दुसऱ्यांच्या घरी गेला आणि त्यांचा टुटीफ्रुटीवाला आमच्याकडे आला. परत मागायची लाज वाटली.

तर यंदा सुटी तीन दिवसांची असल्याने मी असं सुचवलंय. शुक्रवारी दुपारी वरण-बट्टी, आचारी लावून, अंगणात. त्याच रात्री घरच्यांपुरतं मटण, पण ते दादा आणि काका करतील. कांदा-खोबरं आदल्या दिवशी भाजायचं, तेही त्यांनीच. शनिवारी मळ्यात भरीत, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. ज्यांना एकच जेवण जमतंय त्यांनी माणसं मोजावीत. पंधराच्या आत असाल आणि घरातले पुरुष कामाला हात लावणारे असतील तर मटण. तीसच्या वर गेलात तर बट्टी. भरीत फक्त स्वतःचा किंवा जवळच्याचा मळा असेल तरच.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दादाने अंगठा दाखवला. काकांनी विचारलं, खोबरं किती भाजायचं असतं? आई पहिल्यांदाच बोलली, "काळं होईस्तोवर. मी दुसऱ्या बाकावर जागा धरतेय." आत्याचं अजून तेच, मटण बोकडाचंच आणा.