गुलमर्गचा बर्फ इंदुरातून वाचताना: स्नो-फोरकास्ट, विंडी आणि हवामान खातं

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बर्फाचा अंदाज फार तर ५ दिवसांपर्यंत भरवशाचा असतो. मालवा एक्सप्रेसने कटरा आणि पुढे वंदे भारतने श्रीनगर असा बेत आखणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. कोणत्या तारखेला निघायचं, हे कोणतीही वेबसाइट सांगू शकत नाही. पोचल्यावर मंगळवारी वर जायचं की बुधवारी, आणि गोंडोलाच्या (गुलमर्गच्या रोपवेच्या) पहिल्या टप्प्यावर थांबायचं की दुसऱ्या, एवढं मात्र ती चांगलं सांगते. तेवढ्याच कामासाठी ह्या तीन सेवा तपासल्या आहेत.

तारखेसाठी हंगाम पाहावा. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होऊन ४० दिवस चालतो, पण स्कीसाठी जाड थर बहुधा जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत मिळतो. तोही हमखास नाही. २०२५ साली बर्फाअभावी गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

आता स्नो-फोरकास्ट. तिची खरी किंमत एकाच गोष्टीत आहे: ती पायथा, मध्य आणि माथा असे तीन वेगळे तक्ते देते. फोनमधल्या साध्या हवामान ॲपात गुलमर्ग टाकलं की एकच तापमान येतं, आणि ते नेमकं कुठलं हे कळत नाही. गुलमर्गचा पायथा सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो ते कोंगडूरी ३,१०० च्या आसपास आणि दुसरा संपतो ते अफरवट डोंगरावरचं स्टेशन जवळजवळ ३,९८० मीटरवर. हा सगळा चढ गोंडोलाच्या साधारण ५ किलोमीटरांत संपतो. अंदाज काढणारी संगणकी मॉडेलं नकाशाचे चौकोन पाडून गणित करतात, आणि युरोपीय मॉडेलचा एक चौकोन सुमारे ९ किलोमीटरांचा असतो. म्हणजे इंदूरच्या राजवाड्यापासून विमानतळापर्यंतचा सगळा भाग त्याच्या लेखी एकच. सपाट इंदुरात त्याने काही बिघडत नाही. तिकडे मात्र त्याच चौकोनात खाली पाऊस आणि वर पावडर, म्हणजे कोरडा भुसभुशीत बर्फ, असू शकते.

तक्त्यात पहिल्यांदा सेंटिमीटरची ओळ पाहू नका. आधी गोठणपातळीची पाहा, म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य असतं ती. बर्फ साधारण तिच्याखाली ३०० मीटरपर्यंत टिकतो, त्याहून खाली त्याचं पाणी होतं. पातळी ३,४०० असेल तर पायथ्याला पाऊस, कोंगडूरीला ओला, जड बर्फ आणि अफरवटला उणे ४ च्या आसपास (दर १,००० मीटरला साधारण ६.५ अंश उतरतात, हा हिशेब पाठ असू द्या). २,९०० असेल तर पायथ्यालाही बर्फ, पण चिकट. माथ्यावर उणे ७ आणि चांगला.

मग सेंटिमीटर. मॉडेल मुळात पाणी मोजतं, त्याचा बर्फ नंतर गुणाकाराने होतो. ढोबळ नियम १ मिलिमीटर पाण्याला १ सेंटिमीटर बर्फ. कडक थंडीत तोच दीड-दोन सेंटिमीटर होतो, ओल्या बर्फात अर्धाच. म्हणून '४० सेंमी' वाचून हुरळू नका. शिवाय ताजा थर दिवसभरात स्वतःच्या वजनाने बसतो, ४० चे ३० व्हायला वेळ लागत नाही. ह्याच वेबसाइटवर बर्फाच्या एकूण खोलीचा आकडाही असतो. त्याच्याशेजारची तारीख वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

वाऱ्याची ओळ बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच दिवस फुकट जातो. माथ्यावर उणे ८ आणि ३० किमी वारा असेल तर अंगाला उणे १७ लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जोराच्या वाऱ्यात दुसरा टप्पा बंद राहतो, आणि मोठ्या हिमवृष्टीनंतर गस्तीपथकाने उतार तपासेपर्यंतही. बर्फ थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, आकाश मोकळं आणि वारा कमी, तो दिवस वरच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. त्यामुळे गुलमर्गला निदान ४ रात्री हव्यातच. दोन रात्रींचं पॅकेज विकत घेतलं तर अंदाज वाचून उपयोग नाही, निवडायला दिवसच उरत नाही.

विंडीचं काम वेगळं. तिथे युरोपीय, अमेरिकी आणि जर्मन मॉडेलं एकाच ठिकाणासाठी शेजारी मांडून पाहता येतात, तेही फुकट. तिन्ही एकाच दिवशी बर्फ दाखवत असतील तर बेत करा. एक ५० म्हणतंय आणि दुसरं ५, तर सरासरी काढू नका. दोन दिवस थांबून पुन्हा पाहा. दर तासाला उघडून बघण्यातही अर्थ नाही. मुख्य गणित आपल्या घड्याळाने पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर चालतं आणि युरोपीय निकाल दुपारी बाराच्या सुमारास हाती येतो. जेवायच्या आधी एकदा पाहिलं की पुरे. विंडीची उणीव अशी की उंचीचा भेद तुम्हालाच करावा लागतो. नकाशावर बोट किंचित सरकलं की वेगळी दरी.

विंडीवर अफगाणिस्तानकडून सरकत येणारा पश्चिमी विक्षोभ (थंडीत पाऊस-बर्फ आणणारी हवेची प्रणाली) आधी चार-पाच दिवस दिसतो. इंदुरात थंडीत मावठा येतो तोही पुष्कळदा ह्याच्याच शेपटीमुळे. पण इथे मावठा पडला म्हणजे तिकडे बर्फ पडलाच, असं उलट गणित मांडू नका. विक्षोभ फार दक्षिणेकडून गेला तर काश्मीरच्या वाट्याला थोडंच येतं.

भारतीय हवामान खात्याचं श्रीनगर केंद्र दिसायला सर्वांत रूक्ष, पण काल प्रत्यक्ष किती पडलं हे त्याच्याकडूनच घ्यावं. आकडा सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. रात्री ९ ला सुरू झालेल्या हिमवृष्टीचा मोठा वाटा दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली येतो, हे विसरलं की वेबसाइटचा अंदाज उगाच चुकला असं वाटतं.

तिघांपैकी एकही हिमस्खलनाचा धोका सांगत नाही. त्यासाठी डीजीआरई ह्या डीआरडीओच्या संस्थेचं पत्रक पाहावं लागतं, आणि ते जिल्ह्याचं असतं, तुमच्या उताराचं नव्हे. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू दगावला. नव्या जाड थराखाली जुना कमजोर थर असेल, त्यावर वाऱ्याने आडोशाच्या बाजूला आणखी बर्फ साचवला असेल, तर '६० सेंमी पावडर' हा आकडा आनंदाचा नसून धोक्याचा. स्की पहिल्यांदाच करत असाल तर पायथ्याच्या उतारांवरच राहा. गोंडोलाच्या राखलेल्या पट्ट्याबाहेर जायचं असेल, तर हिमस्खलन शोधयंत्र, फावडं आणि शोधकाठी प्रत्येकाजवळ हवी. सहाजणांत एक संच चालत नाही, कारण संच ज्याच्या पाठीवर आहे तोच गाडला गेला तर शोधणार कोण.