दिवाळीची शाळेतली रांगोळी: ठिपक्यांची की संस्कारभारती?

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात रांगोळीचे गट पाडताना हा प्रश्न येतोच. जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी शिकवतो आणि मुलांकडून दोन्ही काढून घेतल्या आहेत.

संस्कारभारतीचा देखणेपणा वादातीत. रंगाचा थर पसरला, वर जाड पांढऱ्या रेघेत गोपद्म, शंख, सर्परेषा उतरल्या की तासाभरात व्हरांडा भरून जातो. फाटकातून येणाऱ्या पालकांना लांबूनही दिसते. रंग मात्र भरपूर लागतो. ठिपक्यांची त्या मानाने साधी दिसते. आमच्या मुलांना सहज दोन तास लागतात आणि एक ओळ सरकली की पुढचं सगळं तिरकं.

तरी मला संस्कारभारतीत एक गोष्ट सतत खुपत राहिली. सहा जणांच्या गटात हात एकीचाच चालतो. बाकीचे पाच जण रंगाचे डबे धरून उभे. त्यांनी वाकून काही करायला घेतलं की, "थांब, पुसलं जाईल!"

त्यात आपल्याकडे ऐन दिवाळीत कापसाची वेचणी. एका वर्षी जिचा हात बसलेला होता तीच मुलगी त्या दिवशी शेतात गेली. रंग चाळून, डबे मांडून पाच मुलं दुपारपर्यंत बसून राहिली. "सर, आम्ही काय करू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो दिवस मी विसरलो नाही.

पुढच्या वर्षी ११ ते ६ ची घेतली. मधली ओळ ११ ठिपक्यांची, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत ६ पर्यंत. एकूण ९१. मधला एक सोडला तर उरतात ९०, म्हणजे सहा जणांना प्रत्येकी १५. नक्षी सहाही बाजूंना तीच असल्याने एकाने पाकळी जोडली की शेजारचा बघून जोडतो. ज्याने कधी चिमूट धरली नव्हती, तोही गटात आला.

जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके आखून उदबत्तीने भोकं पाडावीत, कागद फरशीवर ठेवून वरून रांगोळी फिरवावी. ओळी सरकण्याचा त्रास बराच कमी होतो. आधी गेरूचा हात दिला तर ठिपके उठून दिसतात. रंग मधून बाहेर भरत यावं, नाहीतर ओढणी आणि पाय सगळं पुसतात. नुसता बारीक रंग फरशीला धरतो आणि डाग लवकर जात नाही, म्हणून तो पांढऱ्या रांगोळीत कालवूनच द्यावा.

हे माझ्या वर्गापुरतं. हात बसलेल्या दहावीच्या चार मुली असतील, वेळ तासाचाच असेल आणि प्रवेशद्वार सजवायचं असेल, तर संस्कारभारतीच घ्यावी, मीही तीच घेईन. पण पाचवी ते आठवीचा मिश्र गट असेल तर माझा कल ठिपक्यांकडे आहे. गेल्या दिवाळीतही एक जण वेचणीला गेला होता. शेजारच्या दोघांनी त्याचे १५ ठिपके वाटून घेतले आणि जेवणाच्या सुट्टीआधी रांगोळी पूर्ण झाली.