‘फक्त आजच्यापुरती’ ऑफर: हॉलिडे मेंबरशिपचा ९७,३५० रुपयांचा गंडा

मॉलमध्ये लकी ड्रॉचा डबा असतो, नाव-नंबर टाकला की चार दिवसांनी ‘अभिनंदन’चा फोन येतो. हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होता. तरी आम्ही दोघं गेलो, कारण फोनवरची मुलगी म्हणाली, ‘काही विकायचं नाहीये ताई, नव्वद मिनिटं बसा, गिफ्ट घ्या आणि जा. फक्त सरांना घेऊनच या.’

खरी मेख त्या ‘सरांना घेऊनच या’त आहे. ‘घरी विचारून सांगते’ ही आपली हुकमी पळवाट ते आधीच बुजवून टाकतात. जोडीने या म्हणाले की जाऊच नका.

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. हसा खुशाल! ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ मध्ये छापून आलेला प्रयोग दरवर्षी वर्गात सांगते. आकड्यांचं चाक फिरवून मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता.

आणि त्या बँक्वेट हॉलमध्ये एका पोराने हॉलिडे मेंबरशिपची, म्हणजे आधी पैसे भरून पुढे कंपनीमार्फत सुट्टीचा मुक्काम बुक करायच्या योजनेची, किंमत म्हणून माझ्यासमोर कोऱ्या कागदावर ४,२०,००० लिहिलं, खोडलं. २,८५,००० लिहिलं, मॅनेजरकडे जाऊन आला, तेही खोडलं. मग १,६५,००० लिहून खाली दोन रेघा ओढल्या. ‘फक्त आज, मॅडम.’ गाणी इतकी मोठ्याने की शेजारी बसलेल्या ह्यांच्याशी बोलता येईना. मधूनमधून माईकवर कुठल्यातरी फॅमिलीचं अभिनंदन, टाळ्या. आणि मी २,५५,००० वाचले म्हणून खूश! पहिला आकडा त्यानेच हवेतून काढला होता, हे तिथे लक्षात यायला नको? आलं होतं हो. मी हसत म्हटलंसुद्धा, ‘अरे, हे आम्ही वर्गात शिकवतो.’ तो म्हणाला, ‘मग तुम्हाला कोण फसवणार, मॅडम!’ झालं, कार्ड बाहेर आलं.

करार घरी नेऊन वाचते म्हटलं, तर तसं चालत नाही म्हणे. तेव्हाच उठायचं होतं. पण नव्वद मिनिटांचे तीन तास झालेले, पोटात अन्न नाही, मांडीवर फुकटचा कॅसरोल सेट. ‘आम्ही नसतो फसलो’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, २००२ चं नोबेल मिळालेले कानेमनही म्हणत की इतका अभ्यास करून आपल्या स्वतःच्या चुका फारशा कमी झाल्या नाहीत.

त्या दिवशी ४५,००० गेले. मग १०,००० चे चार हप्ते. ‘मोफत’ व्हाउचर वापरायला ३,५००. वर्षाचं मेंटेनन्स ८,८५०, तेही भरलं, कारण नाही भरलं तर आधीचे बुडतील! बुडालेल्या पैशांमागे पैसे टाकू नका हा धडाही मीच शिकवते. दिवाळी आणि मे महिन्यात बुकिंग बंद. शिक्षकांना सुट्टी असते तरी कधी? तोंडी दिलेल्या आश्वासनांना कंपनी बांधील नाही, हे करारात मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. तेव्हा जे बोलतील ते त्यांच्याच पेनाने लिहून, सही करून घ्या. नाही म्हणाले की उठा.

पोलीस चौकीत गेलो, तर ‘सही तुमचीच ना? सिव्हिल मॅटर आहे.’ बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच दिलात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, ती कंपनीकडे गेली, ‘सर्व करारानुसार’ असं उत्तर आलं आणि तक्रार निकाली! कुणाचं समाधान झालं म्हणे? मग ग्राहक आयोगात गेलो. कायदा म्हणतो की वस्तूची तपासणी लागत नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून आयोगाने शक्यतो ३ महिन्यांत निकाल द्यावा. कंपनीला धाडलेली आमची नोटीसच ‘पत्ता सोडून गेले’ शेरा घेऊन परत आली, आता नुसत्या तारखा. दार ठोठावायला पोलिसांनी जायचं की मी, कॉलेज बुडवून? तरी तक्रार कराच. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षांची.

गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला. माझा मेंबरशिप नंबर त्याला तोंडपाठ. ‘तुमची मेंबरशिप विकून पूर्ण पैसे परत देतो, प्रोसेसिंगचे फक्त १२,००० भरा.’ मी फोन आपटला. हे हळूच म्हणाले, ‘बाराच हजार ना?’