एस्टिमेटच्या चिठोऱ्यावर घेतलेला टीव्ही

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीला म्हणजे १८ ऑक्टोबर २०२५ ला, मी १८,५०० रुपये मोजून ४३ इंची फोर-के, म्हणजे फुल एचडीपेक्षा बारीक आणि स्पष्ट चित्राचा, टीव्ही घरी आणला. तो फोर-के नव्हताच. पाच दिवसांनी भाऊबिजेला ते उघड झालं, आणि भांडायला जावं तर हातात पक्कं बिल नव्हतं. तुमच्यापैकी कुणी २० हजारांच्या आतबाहेर टीव्ही बघत असेल, तर कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा.

जुन्या टीव्हीवर आडव्या रेघा यायला लागल्या होत्या. मेकॅनिक म्हणाला, पॅनल गेलंय, बदलायला जेवढे घालाल त्यात थोडी भर टाकून नवा येईल. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई दिवसभर घरातच असते. तिला कीर्तन, मालिका आणि बातम्या एवढाच विरंगुळा. भिशीचे आणि बोनसचे मिळून २० हजार जमले होते.

दुकानात दर्शनी भागात नावाजलेल्या कंपन्यांचे टीव्ही होते. मला हवा होता तो २६ हजारांच्या पुढे. मी मागे वळणार हे बघून विक्रेता म्हणाला, "ताई, त्यात तुम्ही नावाचे पैसे देताय. पॅनल सगळ्यांचे एकाच कारखान्यातून येतात." हे अर्धंच खरं आहे. पॅनल बनवणारे कारखाने मोजकेच आहेत, पण तिथून कुठल्या प्रतीचं पॅनल घेतलं, आत बोर्ड कुठला बसवला, सॉफ्टवेअर कुणाचं, बिघडल्यावर येणार कोण, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तेव्हा मला ते पटलं. त्याने आतल्या बाजूचा एक टीव्ही लावला. पेन ड्राइव्हवरचे रंगीत मासे, फुलं, धबधबे. सहा फुटांवरून ते कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतात. साधं सेट-टॉप बॉक्सचं चॅनल लावून दाखवा म्हटल्यावर "इथे केबल नाही ओ" असं उत्तर मिळालं. तिथेच मी थांबायला हवं होतं.

मग बिलाचा विषय निघाला. "पक्कं बिल हवं असेल तर वर २८ टक्के जीएसटी लागेल, ५,१८० रुपये. उगाच कशाला? वॉरंटी कार्ड मी शिक्का मारून देतो." मी पतसंस्थेत काम करते, त्यामुळे डोक्यात लगेच हिशोब केला, गुणाकार बरोबर होता. टक्केवारीच खोटी होती. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, म्हणजे जवळपास महिनाभर आधीच. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. एमआरपीच्या वर जीएसटी लावताच येत नाही, आणि दुकानदार त्याखाली जो भाव सांगतो तो करासकट आहे की नाही, हे विचारणं आपला हक्क आहे. पण पाच हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. मी ३,५०० यूपीआयने आणि १५ हजार रोख दिले. त्याने "एस्टिमेट" छापलेल्या चिठोऱ्यावर "१ नग ४३ इंची" एवढं लिहून दिलं. त्यावर दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही.

टीव्ही भिंतीवर लागला. आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, खालची पट्टी वाचताच येत नाही, अक्षरं फाटल्यासारखी दिसतात." मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. याचं मला आजही वाईट वाटतं.

भाऊबिजेला भाऊ आला, सोबत भाचा. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. रिमोट हातात घेतल्या घेतल्या त्याने विचारलं, "आत्या, याच्यावर माउसचं बटण कशाला?" प्ले स्टोअर उघडलं तर ते फोनवरचं होतं, टीव्हीसाठीचं नव्हे. वरवर सगळं गूगल टीव्हीसारखं सजवलेलं, पण गूगलची मान्यता नसलेलं साधं अँड्रॉइड. सेटिंगमध्ये १६ जीबी जागा दिसत होती. त्याने पेन ड्राइव्हवरून मोठे व्हिडिओ टाकून बघितले, तर चार जीबी भरायच्या आतच जागा संपली. तो आकडाही नुसता लिहून ठेवलेला.

त्यानंतर त्याने केलं ते प्रत्येकाला करता येण्यासारखं आहे. पडद्यावर कोरा पांढरा फोटो लावला. कंपासमधली पारदर्शक पट्टी पडद्याला अलगद टेकवली, फोनचा कॅमेरा जवळ नेऊन झूम केला आणि फोटो काढला. फोटोत लाल, हिरव्या, निळ्या बारीक उभ्या रेषा स्पष्ट दिसतात. या तिन्ही मिळून एक ठिपका. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फोर-केमध्ये एका आडव्या ओळीत ३,८४० ठिपके, म्हणजे एका सेंटिमीटरला ४०. फुल एचडीमध्ये १,९२०, म्हणजे २०. आम्ही दोघांनी बोट ठेवून मोजले. वीस. जागा बदलून पुन्हा मोजले, पुन्हा वीस. आई पलंगावरून बघत होती, ती काहीच बोलली नाही.

मागच्या स्टिकरवर आर-नंबर, म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक, होता. ३२ इंच आणि त्यावरच्या टीव्हींना २०१३ पासून बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, आणि तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू दोन्ही दिसतात. आमचा नंबर निघाला ॲडॅप्टर बनवणाऱ्या भलत्याच कंपनीचा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होणारं काम आहे हे.

दुकानात गेलो तर तोच विक्रेता म्हणाला, "मी फोर-के सपोर्ट म्हटलं होतं." खोक्यावर खरंच बारीक अक्षरांत तसं छापलंय. फोर-के सपोर्ट म्हणजे टीव्ही फोर-केचं चित्र आत घेतो आणि लहान करून फुल एचडीत दाखवतो. चिठोरं पुढे केलं तर मालक म्हणाले, "हे आमचं बिलच नाही." यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेले.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. माणसं नीट ऐकून घेतात, तक्रारीचा नंबर देतात, पण पहिला प्रश्न बिलाचाच येतो. माझ्याकडे बिलाऐवजी आहे ते विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला टीव्हीचा फोटो, त्याखाली त्याने स्वतः टाइप केलेलं "४३ इंच फोर-के १८५०० फायनल", आणि यूपीआयची नोंद. तेवढ्याच्या जोरावर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते. ज्यांची अशी फसवणूक झालीय त्यांनी जाऊ दे म्हणून सोडू नका. विक्रेत्याचे मेसेज, खोक्याचे फोटो, काहीही पुसू नका. खोकं तर मुळीच रद्दीत घालू नका.

डिसेंबरमध्ये भावाने त्याच्या घरी टीव्ही घेतला, तेव्हा मी सोबत गेले. या पैशांत चांगला फोर-के बसत नव्हता, म्हणून फुल एचडीच घेतला आणि बिलावर फुल एचडी असंच लिहून घेतलं. आर-नंबर ॲपमध्ये तपासला. पट्टी लावून ठिपके मोजू का, असं विचारल्यावर दुकानदाराने स्वतः पांढरा पडदा लावून दिला. निघताना खोकं काउंटरवर आडवं ठेवलं, भाच्याने त्याच्यावरचा सिरियल नंबर मोठ्याने वाचला आणि मी बिलावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला.